घड्याळ कुणाला बघायचंय

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही चालली! डिस्क आत गेली, पोटात गडगडल्यासारखा आवाज झाला, टीव्हीवर ‘ही फाइल चालणार नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली आणि आमच्या डीव्हीडी प्लेअरने डिस्क पुन्हा बाहेर काढली. जीभ दाखवल्यासारखी. आई खुर्चीत सावरून बसली होती. केस विंचरून, चष्मा पुसून. जसे काही राजे टीव्हीतून उतरून तिच्या मांडीवर येऊन बसणार होते.

राजे म्हणजे माझे धाकटे बंधू. आई त्याला राजा म्हणते, मी राजे म्हणते. आदराने, अर्थातच.

राहतो लांबच्या शहरात. धंदा काय, तर लोकांच्या लग्नाचे न् वाढदिवसांचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे, मागे संगीत टाकायचं. काळवंडलेला नवरदेव उजळ करून देतो म्हणे, टकलावरची चमक घालवून देतो. एवढा कलाकार माणूस, पण आईसाठी एक डिस्क करून पाठवणं त्याला जड जातं. पूर्वी पाठवायचा. पाकिटात घालून, वर झोकदार अक्षरात आईचं नाव. आता नेटवरून नुसत्या फायली पाठवतो, मोबाइलच्या फॉरमॅटमधल्या, ज्या आमच्या म्हाताऱ्या प्लेअरच्या गळ्याखाली उतरत नाहीत. ‘ताई, तू करून दे ना, सोपं असतं.’ सोपं असतं तर तू कर की बाबा! पाकिटाला डिंक लावताना हात मोडतो का?

व्हिडिओ कॉल करावा, तर त्याच्याकडे नेट चालत नाही. फायली पाठवताना बरं चालतं!

आणि आमच्या मातोश्री. मोबाइलवर बघायचं नाही — ‘त्या टीचभर काचेत माणूस मावतो का?’ लॅपटॉपवर बघायचं नाही, कारण त्याचं झाकण उघडलं की काहीतरी बिघडतं अशी तिची खात्री आहे. टीव्ही जुना, पेन ड्राइव्ह खुपसायला भोक नाही. तिला हवा तो प्लेअरच. राजांनी पहिल्या पगारातून आणलेला ना! रिमोटवर नेलपॉलिशचे ठिपके मी दिलेत, कुठलं बटण कशाचं ते कळावं म्हणून. ते कुणाच्या लक्षात राहत नाही. जवळ राहते ती मोलकरीण, लांब राहतो तो राजा.

५ फेब्रुवारी, बुधवार

वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ आले. बोलावलं नव्हतं, पण जिन्यात आईने गाऱ्हाणं घातलं असणार. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून तुंबलेल्या मोरीपासून तुंबलेल्या छातीपर्यंत सगळ्यावर मत देतात. लॅपटॉपसमोर बसले. बोटं मोडली. फायलीच्या नावातली शेवटची अक्षरं खोडली, तिथे दुसरी अक्षरं टाइप केली आणि म्हणाले, ‘झालं कन्व्हर्ट.’

मी बघतच राहिले. दारावरची पाटी बदलली की आतला भाडेकरू बदलतो का? पण आई त्यांच्याकडे डॉक्टरकडे बघावं तशी बघत होती, म्हणून उठले. चहा केला. चहा पिऊन होईपर्यंत डिस्कही लिहून झाली. लावली. प्लेअरने जीभ दाखवली.

मग सर्वज्ञ म्हणाले की प्लेअरच खराब आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार. कप मात्र चाटूनपुसून रिकामा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आवाज आला, चित्र नाही. काळ्या टीव्हीतून राजे विचारतायत, ‘आई, जेवलीस का?’ आणि आई त्या काळ्या टीव्हीला सांगतेय, ‘जेवले रे राजा, तू जेवलास का?’ मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात एक गिऱ्हाईक भांडायला आलं. तुम्ही दिलेल्या चष्म्यातून वाचता येत नाही, डोकं दुखतं, पैसे परत द्या. चष्मा हातात घेतला — आमचा नव्हेच, फ्रेमसुद्धा बायकी. बायकोचा घालून आला होता! वर म्हणतो, ‘तरीच.’ मालकांनी हसून त्याला पाणी दिलं. त्यांच्या जागी मी असते तर त्यालाच चष्म्याच्या पेटीत घालून परत पाठवला असता. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. लोकांना डोळे असतात, बघता येतं असं नाही.

दुपारी गर्दी नव्हती तेव्हा फुकटचं एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. त्यातून फाइल काढली तर राजांच्या बरोब्बर कपाळावर त्या सॉफ्टवेअरवाल्यांचं नाव, मोठ्या लाल अक्षरात. हे आईला दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, टेंगूळ आलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

जमलं. मीच जमवलं! दुसरं सॉफ्टवेअर मिळालं. लॅपटॉप दुपारभर पंख्यासारखा घुरघुरत होता, हात लावला तर पोळेल इतका तापला. डिस्क लिहून झाली तरी प्लेअरला ती कोरीच दिसायची. मग कळलं, लिहून झाल्यावर डिस्क शेवटी ‘बंद’ करायची असते, पत्राचं पाकीट बंद करावं तशी. नाहीतर दुसऱ्या मशीनला ती उघडत नाही. याबद्दल एक अक्षर कुणी सांगत नाही. राजांनी तर नाहीच नाही.

लावली. चित्रही आलं, आवाजही आला. राजे भिंतीला टेकून बसलेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मी बरा आहे, काम खूप आहे, तू गोळ्या वेळेवर घे, ताईचं ऐक. ताईचं ऐक! वा!

पण आई. आई उठून टीव्हीजवळ गेली, काचेला नाक लावलं. ‘अगं, भरलाय की! बाळसं धरलंय बघ माझ्या राजाने. गाल बघ. खांदे बघ.’ रिमोटचा ठिपका दाबून परत लावलं. परत. परत. दुपारचं उरलेलं सगळं जेवण तिने रात्री संपवलं, गेल्या कित्येक दिवसांत तिला एवढं खाताना पाहिलं नव्हतं. नंतर दार उघडून शेजारणीला सांगून आली, आमचा राजा अंगाने भरलाय.

डिस्क कुणी केली, हे शेजारणीला सांगायचं राहिलं असावं.

एक गोष्ट मात्र खटकली. त्याच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. आमच्याच दुकानाचं, मीच त्याला दिलेलं, मधोमध चष्म्याचं चित्र. ते घड्याळ गोल आहे. टीव्हीत ते आडवं ठेवलेल्या अंड्यासारखं दिसतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाटलं, माझंच कुठेतरी चुकलं. चित्राची लांबी-रुंदी सांगायची असते ती मी उलटसुलट सांगितली असेल. दुकानातली डोळ्यांची मापं घ्यायची छोटी पट्टी घरी आणली आणि मूळ फाइलच लॅपटॉपवर लावून घड्याळाला लावली. अंडंच! म्हणजे माझी चूक नाहीच. तिकडूनच तसं आलंय.

मग त्याची जुनी डिस्क लावून बघितली, गेल्या वर्षीची. त्यात राजे घरभर फिरतायत, खिडकीतून रस्ता दाखवतायत, स्वतःच फोडणी देतायत, तोंडाची टकळी चालू. घड्याळ गोल गरगरीत. म्हणजे तेव्हा येत होतं, आता विसरला. व्हिडिओवर पोट भरणारा माणूस, स्वतःच्या आईला पाठवताना चित्र आडवं ताणलं गेलंय हे त्याला दिसत नाही! न्हाव्याचे केस नेहमी वाढलेले, तसंच हे. गिऱ्हाइकाच्या कामात अशी चूक करेल का? पैसे कापून घेतील. आईच्या बाबतीत कोण कापणार? काहीही पाठवा, ती गोडच मानून घेणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सरळ केला. चित्राची रुंदी थोडी थोडी कमी करत गेले, पट्टी लावत गेले, अगदी काच घासतात तशी. शेवटी घड्याळ आडवं मोजा, उभं मोजा, सारखं भरलं. अस्सल गोल. मालक नेहमी म्हणतात, तुझा डोळा चुकत नाही. खरंच आहे ते.

रविवारच्या डिस्कवर काळ्या पेनाने लिहिलं — ‘चुकीची’. नवीवर लिहिलं — ‘बरोबर’. मग आईला हाक मारली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल पुढचं लिहिवलं नाही.

आईने डिस्क बघितली. एकदाच. परत लावली नाही. म्हणाली, ‘हा असा का दिसतोय? वाळलाय गं.’

समजावून सांगितलं. आधीचं चित्र आडवं ताणलेलं होतं, म्हणून जाडा दिसत होता. आता सरळ आहे. तो होता तसाच आहे, जाडाही नाही, बारीकही नाही. मागचं घड्याळ बघ, आता कसं गोल दिसतंय.

‘घड्याळ कुणाला बघायचंय?’ आई म्हणाली.

म्हटलं, अगं पण माप असतं की नाही? तर म्हणाली, मापं तुझ्या दुकानात घे. मी त्याला नऊ महिने पोटात वागवलाय. आणि मग जे म्हणाली ते लिहायलाही नको वाटतं. म्हणाली, ‘तुला पहिल्यापासून त्याचं चांगलं बघवत नाही. चांगला भरलेला होता, तू त्याला वाळवून ठेवलास.’

मी! मी वाळवला! इकडे हिच्या गोळ्या, हिचं डोळ्याचं ऑपरेशन, हिचा बिघडलेला नळ, सगळं माझ्या गळ्यात, आणि हिचा राजा तिकडे बसल्या जागी चार वाक्यं बोलतो की हिला अमृत. खूप लागलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग राग आला की मी का रडतेय. चूक त्याची, ती निस्तरली मी, आणि बोलणीही मीच खातेय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आई धड जेवत नाही. एक घास खाते, ताट सरकवते. सकाळपासून एकच धोशा — तू जाऊन बघून ये.

म्हटलं, फोनवर तर बोललीस ना काल? आवाज ठणठणीत होता की. तर म्हणते, आवाजाचं काय, आवाज कुणीही काढेल. कॅमेऱ्याच्या एका चुकीपायी मी रजा काढू, प्रवास करू, मालकांना काय सांगू? की आमच्या राजांचं घड्याळ अंडाकृती आलं?

मग वाटलं, आईच्या डोळ्यांतच काही असेल. दुकानातून अक्षरांचा तक्ता आणला, भिंतीला लावला, तिला मागे उभी केली. तिने सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली आणि म्हणाली, ‘आता जातेस का?’

सर्वज्ञांना कुठून तरी वास लागलाच. त्यांनी दोन्ही डिस्क बघितल्या आणि निकाल दिला की पहिली बरोबर आहे, कारण माणूस वयाप्रमाणे सुटतोच. स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगितलं. पुरावा बाकी भक्कम होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई झोपल्यावर दुपारी मीच ‘बरोबर’ डिस्क पुन्हा लावली. आवाज बंद करून. म्हटलं, बघू तरी हिला काय दिसतं ते.

काही नाही. थोडा दमल्यासारखा दिसतो, बाहेरचं खाऊन दुसरं काय होणार. एक मात्र आहे. चष्मा सारखा नाकावरून घसरतोय. बोलता बोलता बोटाने वर ढकलतो, पुन्हा घसरतो, पुन्हा ढकलतो. तो चष्मा मी बसवून दिलेला आहे, काड्या गरम करून, कानामागे वाकवून. त्याच्या डोक्याचं माप मला पाठ आहे. माझ्या हातचा चष्मा असा घसरणं शक्य नाही. म्हणजे साहेबांनी एका हाताने ओढून काढायची सवय सोडलेली नाही. हजारदा सांगितलंय, दोन्ही हातांनी काढ, नाहीतर काड्या फाकतात. फाकल्या असणार. आणि तिथल्या चष्मेवाल्याकडे जाऊन घट्ट करून घ्यायचे कष्ट कोण घेणार!

आई उठून मागे उभी होती, मला कळलंच नाही. टीव्हीकडे बघत म्हणाली, ‘चष्मा मोठा झाला त्याला.’

म्हटलं, चष्मा मोठा होत नसतो गं, काड्या फाकतात.

 आई उशी उचलून आत गेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुकानातून त्याला भलामोठा मेसेज केला. मनातलं सगळं ओतलं. की तुझे व्हिडिओ आडवे ताणलेले येतात, धंदा करतोस की खेळ? की आईला त्यात तू जाडजूड दिसलास, ती गावभर सांगत सुटली. की शेवटी मी पट्टी लावून सरळ केले, आता तिला तू वाळलेला दिसतोस, ती जेवत नाही, आणि खापर माझ्या डोक्यावर. की पुढच्या वेळी पाठवण्याआधी मागचं घड्याळ गोल दिसतंय का ते डोळे उघडे ठेवून बघ. आणि चष्मा दोन्ही हातांनी काढत जा.

बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मेसेज वाचलाय. उत्तर नाही. बोलायला तोंड हवं ना!

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दुकानात त्याचा फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘ताई, सरळ कशाला केलास गं? मी मुद्दाम ताणला होता.’

पोटाचं दुखणं आहे. बरेच महिने झाले. अन्न टिकत नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, ते झाल्यावर सांगणार होता. पाकीट टाकायला जिना उतरवत नाही, म्हणून फायली. कॉलवर चित्र ताणता येत नाही, म्हणून नेट बंद. ‘घड्याळ काढून ठेवायला हवं होतं,’ म्हणाला. ‘पण हात वर जाईना.’

मालकांना सांगितलं, उद्यापासून येणार नाही, कधी येईन माहीत नाही. निघताना छोटा पेचकस घेतला आणि एक लहान मापाची फ्रेम.

आईला म्हटलं, जाऊन बघून येते गं, तुझं समाधान म्हणून. तिचा चेहरा इतका खुलला की मला तिच्याकडे बघवेना. मग ‘चुकीची’ लिहिलेली डिस्क शोधून काढली, पुसली, लावून दिली. आई खुर्ची पुढे ओढून बसली.

‘हाच खरा,’ म्हणाली. ‘भरलाय की नाही?’

भरलाय, म्हटलं.